दबा, डूख आणि बकध्यान

‘पवित्रा’ हा शब्द आपण राजकारण्यांसाठी वापरून वापरून बोथट करून टाकलाय. अमक्यानं आक्रमक पवित्रा घेतला, तमक्यानं सावध. पण तालमीत गेलात तर तिथे पवित्रा म्हणजे पाय. कोणता पाय पुढे, वजन कुठल्या पायावर, हात किती वर. समोरचा पैलवान तेवढ्यावरून ओळखतो की हा पटात शिरणार की वाट बघणार. आजचा विषय फाशांच्या खेळाचा आहे, पण मला बोलायचंय ते या पवित्र्याबद्दल.

तुमच्यातले काहीजण वर्षानुवर्षं डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळताहेत, काहींनी वीस बाजूंचा फासा आज पहिल्यांदा हातात घेतला असेल. त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. खेळ १९७४ सालचा, अमेरिकेतला, गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी रचलेला. एकजण डंजन मास्टर होऊन गोष्ट पुढे नेतो, बाकीचे एकेक पात्र घेतात, आणि काय साधलं, काय फसलं ते फासे सांगतात. १९७५ साली ‘ब्लॅकमूर’ या पुरवणीत मंक, म्हणजे मठात घडलेला लढवय्या, हा पात्राचा प्रकार आला. तेव्हा अमेरिकेत कुंग फूची लाट होती. चिलखत नाही, ढाल नाही, नुसत्या हातापायांनी लढणारा हा माणूस त्या लाटेवरच खेळात शिरला.

२०१४ च्या पाचव्या आवृत्तीत मंकाकडे खास डावपेचांवर खर्च करायचे ‘की’चे, म्हणजे आतल्या शक्तीचे, पॉइंट असतात, २०२४ च्या पुस्तकात त्यांनाच फोकस म्हटलंय. तिसऱ्या लेव्हलला त्याला आपला पंथ निवडावा लागतो, म्हणजे सबक्लास, पात्राचा उपप्रकार. २०१४ च्या आवृत्तीत सावल्यांचा पंथ आहे, चार तत्त्वांचा आहे, दारुड्यासारखा झोकांड्या देत लढणाऱ्यांचा आहे, पुढे २०२१ मध्ये ड्रॅगनचासुद्धा आला. वाघ, बिबट्या, साप, क्रौंच ही चिनी कुंग फूमधली सर्वांत ओळखीची मंडळी मात्र त्या यादीत नाहीत. म्हणून या प्राण्यांच्या पंथाचे नियम लोक घरी लिहितात. मीही लिहिला, तीन वेळा. पहिल्या दोन वेळा काय चुकलं ते आधी सांगतो, कारण खरं शिक्षण तिथेच झालं.

पहिला मसुदा असा होता: वाघाचा पवित्रा घेतला की प्रत्येक ठोशाला दोन जादा डॅमेज. क्रौंचाचा घेतला की आर्मर क्लास, म्हणजे वार लागायला समोरच्यानं गाठायचा आकडा, दोननं वाढतो. सापाचा, बिबट्याचा असंच काहीतरी. कागदावर किती नीटनेटकं दिसत होतं! टेबलावर काय झालं? माझ्याकडे हा मंक खेळणाऱ्या मुलीनं पहिल्या लढाईत वाघ घेतला आणि पुढचे चार महिने सोडला नाही. तिचं बरोबरच होतं. पाचव्या लेव्हलला मंक टर्नमध्ये, म्हणजे आपल्या पाळीत, दोनदा मारतो, एक की खर्च करून फ्लरी, म्हणजे ठोशांची सरबत्ती, केली की आणखी दोनदा. चार ठोसे, प्रत्येकी दोन, झाले आठ. त्या लेव्हलला एका ठोशाचं सरासरी डॅमेज सात-साडेसात असतं. म्हणजे मी तिला दर राउंडला पाचवा ठोसा फुकट देऊन बसलो होतो. क्रौंचाचे दोन म्हणजे काय, तर शत्रूच्या वीसपैकी दोन आकडे कमी. ती कशाला क्रौंच घेईल?

हिशेब सुधारता येतो. दुसऱ्या मसुद्यात मी तेच केलं. आकडे कापले, जोडले, सगळे प्राणी तराजूत समसमान आणले. आणि ते आणखी वाईट निघालं. आता काहीही घेतलं तरी फरक पडेना. ती तेच ठोसे मारत होती, मी तोंडानं म्हणत होतो की तू आता साप आहेस. मुखवटे बदलत होते, माणूस तोच.

हा दोष माझ्या एकट्याचा नव्हता. २०१४ च्या पुस्तकातला बार्बेरियनचा, म्हणजे रागाच्या भरात लढणाऱ्या योद्ध्याचा, टोटेम पंथ बघा. तिसऱ्या लेव्हलला अस्वल, गरुड, लांडगा यांतला एक निवडायचा. अस्वल घेतलं की रागाच्या भरात असताना मानसिक सोडून सगळं डॅमेज निम्मं. लांडगा तुमच्या शेजारच्या शत्रूवर हल्ला करणाऱ्या मित्रांना अ‍ॅडव्हांटेज देतो. अ‍ॅडव्हांटेज म्हणजे एकाऐवजी दोन फासे टाकून मोठा आकडा घ्यायचा. लांडग्याचा नियम फार सुंदर आहे, त्यात कळप दिसतो. तरीही माझ्या टेबलावर आजवर आलेल्या प्रत्येकानं अस्वलच घेतलं. एकदाच निवडायचं आणि मग विचारच करायचा नाही, असं असलं की माणूस सर्वांत मोठा आकडा उचलणारच.

मग मी खेळाची पुस्तकं बाजूला ठेवली आणि मुळाकडे गेलो.

चीनमध्ये प्राण्यांची नक्कल आधी लढण्यासाठी नव्हतीच. ती औषध म्हणून होती. हूनान प्रांतात मावांगदुई इथल्या इ.स.पू. १६८ च्या थडग्यात रेशमावर काढलेलं एक चित्र सापडलं. त्यात चव्वेचाळीस माणसं व्यायाम करताहेत आणि काही मुद्रांना प्राण्यांची नावं आहेत. पुढे इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या शेवटी ह्वा तुओ हा वैद्य होऊन गेला. त्यानं वाघ, हरीण, अस्वल, वानर आणि पक्षी असे पाच प्राण्यांचे खेळ शिकवले. त्याचं म्हणणं असं नोंदलेलं आहे की फिरत्या दाराचा खुंट कुजत नाही, तसंच शरीर हलतं राहिलं पाहिजे. वू पू नावाचा त्याचा शिष्य नव्वदी ओलांडल्यावरही शाबूत दात आणि तल्लख कान राखून होता, असं जुनी बखर सांगते.

यातलं मला भावलं ते हे, की प्राणी होणं म्हणजे तिथे अंगात शक्ती येणं नव्हतं. आपल्या शरीराला जी सवय नाही ती त्या प्राण्याकडून उसनी घ्यायची.

लढण्याचे पाच प्राणी दक्षिण चीनच्या परंपरेत सांगतात: ड्रॅगन, वाघ, बिबट्या, साप, क्रौंच. शाओलिन मठाशी त्यांचं नाव जोडलं जातं. प्रत्येकाकडे शिकवायला काहीतरी वेगळं आहे. वाघ हाडं घडवतो, बिबट्या ताकद, साप श्वास, क्रौंच शरीराचं सत्त्व आणि ड्रॅगन मन. ग्वांगडोंगमधल्या हुंग गार शैलीत तर वाघ आणि क्रौंच एकाच फॉर्ममध्ये, म्हणजे हालचालींच्या एकाच ठरलेल्या मालिकेत, गुंफलेत. नख्यांसारखी वाकवलेली बोटं पुढच्या क्षणी जुळून चोच होतात. एकच माणूस, एकाच श्वासात दोन प्राणी. हे वाचलं तेव्हा मला माझ्या टेबलावरची ती चार महिने वाघ बनून बसलेली मुलगी आठवली. परंपरेत बदलणं हाच गाभा होता आणि माझ्या नियमात बदलायला कारणच नव्हतं.

क्रौंचाची एक दंतकथा आहे, फूजियान प्रांतातल्या युंगछुनच्या शैलीची. फांग छीन्यांग नावाच्या तरुणीनं अंगणात उतरलेल्या क्रौंचाला काठीनं हाकलायचा प्रयत्न केला. ती मारायला जाई आणि तो अंग चोरून बाजूला होई, पंखानं काठी वळवी, मग चोच मारी. तो हलायला तयार नव्हता. तिनं त्याच्याकडून जे घेतलं त्यातून ती शैली उभी राहिली, असं म्हणतात. दंतकथाच आहे, पण नीट ऐका: त्या क्रौंचानं एकदाही पहिला वार केलेला नाही. माझ्या मसुद्यातला क्रौंच मात्र आर्मर क्लास वाढवून दर टर्नला ठोसे मारत सुटला होता. त्याला क्रौंच कोण म्हणेल?

पाथफाइंडर या दुसऱ्या खेळाच्या २०१९ च्या आवृत्तीला इथे श्रेय दिलं पाहिजे. तिथला क्रेन स्टान्स आर्मर क्लासमध्ये एक देतो, पण मग क्रौंचाच्या पंखाचाच वार करता येतो, दुसरा कुठलाच नाही. काहीतरी मिळतं आणि काहीतरी सोडावं लागतं. मला वाटतं, सोडणं हाच पवित्र्याचा अर्थ. उजवा पाय पुढे टाकलेल्या पैलवानानं डावा पुढे असण्याचे सगळे फायदे सोडलेले असतात.

पण काय सोडायचं, हे ठरवायचं कसं? याचं उत्तर मला आपल्या भाषेत मिळालं. मराठीत प्राण्यांची क्रियापदं आहेत. वाघ ‘दबा धरतो’ आणि ‘झडप घालतो’. साप ‘डूख धरतो’. बगळा लावतो ते ‘बकध्यान’. आपले आजी-आजोबा हे शब्द माणसांसाठी सर्रास वापरायचे आणि समोर कसला माणूस आहे ते एका शब्दात कळायचं. या प्रत्येक शब्दात एक नियम आयता पडलेला होता.

तर तिसरा मसुदा. टर्न सुरू होताना पवित्रा जाहीर करायचा. फुकट आहे, पण पुढच्या टर्नपर्यंत बदलता येणार नाही, आणि शत्रूला तो दिसतो.

वाघ: झडप एकच असते. म्हणून या पवित्र्यात टर्नमध्ये एकच वार, फ्लरी नाही. पण त्याआधी सरळ रेषेत किमान वीस फूट धावलात तर त्या वाराला मार्शल आर्ट्सचे, म्हणजे मंकाच्या ठोशाचं डॅमेज ठरवणारे, आणखी दोन फासे, आणि समोरचा स्ट्रेंग्थ सेव्ह, म्हणजे ताकदीनं तग धरण्याचा फासा, चुकला तर आडवा. त्यासाठी आधी लांब जाऊन दबा धरावा लागतो. चिकटून उभं राहून वाघ होता येत नाही.

क्रौंच: स्वतःच्या टर्नमध्ये वार नाही. मात्र शत्रूचा जवळचा वार चुकला की त्याच्याच पाळीत रिअ‍ॅक्शन वापरून दोन वार परत. बगळा आणि क्रौंच हे वेगळे पक्षी आहेत, मला ठाऊक आहे. पण फांग छीन्यांगच्या त्या पक्ष्याला बकध्यान हाच शब्द शोभतो.

साप: ज्यानं शेवटची जखम केली, त्याच्यावर डूख. त्याला मारताना अ‍ॅडव्हांटेज, बाकी कोणालाही मारताना डिसअ‍ॅडव्हांटेज. डिसअ‍ॅडव्हांटेज म्हणजे दोन फाशांतला लहान आकडा घ्यायचा. हा नियम लिहायला दोन ओळी लागल्या आणि तो सर्वांत जास्त नाट्य घडवतो, कारण सेनापतीवर डूख धरायचा तर आधी सेनापतीचा घाव खावा लागतो.

बिबट्याला मला पटेल असं क्रियापद मिळालं नाही. त्याऐवजी जुन्नरकडची उसाची शेतं आठवली. तिथल्या लोकांना विचारा, बिबट्या कसा येतो. तो येताना दिसत नाही. कुत्रं नाहीसं होतं आणि ऊस हललेला असतो. म्हणून: वार लागला की तुम्ही दूर जाताना त्या शत्रूकडून ऑपॉर्च्युनिटी अटॅक, म्हणजे फुकटचा वार, नाही, पण टर्न संपताना प्रत्येक शत्रूपासून पंधरा फूट लांब असलंच पाहिजे. नसलात तर पुढच्या टर्नपर्यंत तुमच्यावरच्या सगळ्या वारांना अ‍ॅडव्हांटेज. उघड्यावर सापडलेला बिबट्या किती केविलवाणा असतो ते आपण बातम्यांत पाहतोच.

सहाव्या आणि अकराव्या लेव्हलचे नियम साधे आहेत, वाटलेल्या छापील पानावर बघा.

सतराव्या लेव्हलला उरतो ड्रॅगन. इथे मी बरेच दिवस अडून होतो. वाघ पाहिलेला माणूस असतो, साप तर प्रत्येकानं पाहिलाय. ड्रॅगन कोणी पाहिलाय? त्याला मराठीत क्रियापद नाही, असण्याचं कारणही नाही. शेवटी चिनी ड्रॅगनचं वर्णनच कामी आलं. त्याची शिंगं हरणाची, मान सापाची, खवले माशाचे, नख्या गरुडाच्या, पंजे वाघाचे. त्याला स्वतःचा असा अवयवच नाही, तो बाकीच्यांचा बनलेला आहे. म्हणजे ड्रॅगनचा वेगळा पवित्रा असूच शकत नाही. तीन की खर्च करायचे आणि त्या टर्नला दोन पवित्रे एकत्र धरायचे, दोघांचे फायदे आणि दोघांची बंधनं.

गेल्या महिन्यात आम्ही ही लेव्हल पहिल्यांदा खेळलो. त्याच मुलीनं साप आणि क्रौंच एकत्र धरले. म्हणजे तिच्या टर्नमध्ये वार नाही आणि अ‍ॅडव्हांटेज फक्त जखम करणाऱ्यावर. ज्या राक्षसानं तिला आधी फोडलं होतं, त्याच्यासमोर ती हात खाली सोडून उभी राहिली. टेबलावर कोणी बोलेना. मी राक्षसाचा फासा टाकला. चार आला. तिनं दोन्ही वीस-बाजूंचे फासे उचलले आणि म्हणाली, “आता माझी पाळी.”