आधी किल्ली

पुलाखाली झोपणाऱ्या माणसाच्या कानात दिवसरात्र आवाज येत असतात. प्यायल्यावर ते थोडे दबतात, म्हणून तो पितो. उतरली की आवाज परत येतात, पहिल्यापेक्षा मोठे.

मनोरुग्णालयात त्याला सांगतात, आधी दारू सोड. व्यसनमुक्ती केंद्रात सांगतात, आधी डोक्यावर उपचार करून ये. माणूस एकच, पण त्याचे आजार दोन खात्यांत वाटलेले. या हेलपाट्यांत किती जणांची उमेदीची वर्षं गेली असतील!

खरं तर दोन्ही आजारांवर एकाच पथकानं, एकाच वेळी उपचार करायला हवेत. त्यात डॉक्टर असावेत, परिचारिका, समुपदेशक असावेत, आणि एके काळी स्वतः रस्त्यावर राहिलेलं कुणीतरी असावं. माणसं दवाखान्यात येत नाहीत, म्हणून पथकानंच त्यांच्याकडे जायचं. सुरुवातीला उपचाराचा विषयही काढायचा नाही. कोरडे मोजे द्यायचे, नाव विचारायचं, उद्या येतो म्हणायचं. आणि उद्या खरंच यायचं. माझ्या मते अर्धं काम इथंच होतं.

मग औषधं. रस्त्यावर गोळ्या टिकत नाहीत. पिशवीच चोरीला जाते. अशा वेळी कानातल्या आवाजांसाठी महिन्यातून एकदा घ्यायचं इंजेक्शन उपयोगी पडतं. हेरॉइनची ओढ मेथाडोन किंवा ब्युप्रेनॉर्फिन या औषधांनी आटोक्यात ठेवता येते. दारू मात्र एका झटक्यात तोडायला लावू नये. फिट येऊ शकते, जीवही जाऊ शकतो.

पण झोपायला जागाच नसेल, तर हे सगळं टिकणार कुठं? १९९२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये सॅम त्सेम्बेरिस या मानसशास्त्रज्ञानं क्रमच उलटा केला. आधी घराची किल्ली, नशा सोडण्याची अट नाही. २००९ पासून कॅनडातल्या ५ शहरांत २,००० हून अधिक लोकांवर ही पद्धत तपासली गेली. ज्यांना घर मिळालं, ते नेहमीच्या सेवांवरच्या लोकांपेक्षा कितीतरी जास्त काळ घरात टिकले. व्यसन कमी होण्यात मात्र दोन्ही गटांत फारसा फरक दिसला नाही. म्हणून किल्ली दिली म्हणजे काम झालं, असं नाही. पथकाला येत राहावंच लागतं.

नव्या घरात कुणी पहिल्या रात्री बूट न काढताच जमिनीवर झोपतो. कुणी महिनाभर सावरतो आणि पुन्हा पितो. पूर्वी त्याचं सामान बाहेर ठेवलं गेलं असतं. आता किल्ली त्याच्याच खिशात राहते. सकाळी पथक येतं, दार वाजवतं, आणि तो उघडेपर्यंत बाहेर थांबतं.