विक्रम न्यूयॉर्कचा, पिचर बोस्टनचा

[दृश्य : न्यूयॉर्कच्या हिलटॉप पार्कची जुनी कृष्णधवल छायाचित्रं]

१० ऑक्टोबर १९०४. मोसमाचा शेवटचा दिवस, नववी, म्हणजे एरवी शेवटची इनिंग, धावा २-२. न्यूयॉर्ककडून चेंडू टाकतोय जॅक चेस्ब्रो. या एका मोसमात पिचर म्हणून त्याच्या नावावर ४१ विजय लागलेत. आधुनिक बेसबॉलमध्ये हा आकडा त्यानंतर कुणालाच गाठता आलेला नाही, आणि पुढेही कुणी गाठेल असं वाटत नाही. हल्लीचा पिचर वर्षभरात सामन्याची सुरुवातच जेमतेम तीस-बत्तीस वेळा करतो.

समोर बोस्टन. तिसऱ्या बेसवर लू क्रायगर टपून बसलाय. चेस्ब्रोचा चेंडू हातातून उंच सुटतो, बॅटरमागे चेंडू झेलणाऱ्या कॅचरला चकवून मागे जातो आणि क्रायगर धावत होम प्लेटवर पोचून धाव पूर्ण करतो. बोस्टन ३, न्यूयॉर्क २. अमेरिकन लीगचं, म्हणजे दोन मुख्य लीगपैकी एकीचं, विजेतेपद बोस्टनला मिळतं. ४१ सामने जिंकलेला माणूस पुढे जन्मभर त्या एका चेंडूसाठी ओळखला गेला.

हेच दोन संघ पुढे न्यूयॉर्क यँकीज आणि बोस्टन रेड सॉक्स झाले. त्यांच्या वैरावर खूप बोललं गेलंय. पण आमच्या मते हे वैर खरं कळतं ते विक्रमांच्या वहीत. एका संघाचा मोठा विक्रम काढावा, तर समोर पुष्कळदा दुसराच संघ उभा असतो.

[दृश्य : बोस्टनच्या गणवेशातला तरुण बेब रूथ]

बेब रूथ म्हटलं की होम रन आठवतात, म्हणजे चेंडू थेट कुंपणापलीकडे. बोस्टनमध्ये मात्र तो आधी डावखुरा पिचर होता, आणि अव्वल दर्जाचा. १९१६ आणि १९१८ या दोन वर्ल्ड सिरीज, म्हणजे दोन लीगच्या विजेत्यांमधल्या अंतिम लढती, मिळून त्यानं सलग २९ पूर्णांक दोन-तृतीयांश इनिंग प्रतिस्पर्ध्याला एकही धाव करू दिली नाही. हा विक्रम १९६१ पर्यंत टिकला. तो मोडला यँकीजच्या व्हाइटी फोर्डनं.

१९१९ मध्ये रूथनं २९ होम रन मारले. एका मोसमात एवढे त्याआधी कुणी मारले नव्हते. आणि त्याच हिवाळ्यात रेड सॉक्सचे मालक हॅरी फ्रेझी यांनी त्याला यँकीजला विकला. ५ जानेवारी १९२० रोजी ही बातमी जाहीर झाली. किंमत एक लाख डॉलर. शिवाय यँकीजच्या मालकांकडून तीन लाखांचं कर्ज, आणि त्यासाठी तारण काय, तर फेनवे पार्क. बोस्टननं खेळाडू तर घालवलाच, वर घरचं मैदानही न्यूयॉर्ककडे गहाण टाकलं.

पुढच्याच मोसमात रूथचे ५४ होम रन. १९२७ मध्ये ६०. १८ एप्रिल १९२३ रोजी यँकी स्टेडियम खुलं झालं तेव्हा पहिल्या सामन्याला पाहुणा संघ रेड सॉक्सच होता. रूथनं त्याही दिवशी होम रन मारला, यँकीज ४-१ नं जिंकले. विक्रीआधी बोस्टनकडे पाच वर्ल्ड सिरीज होत्या, न्यूयॉर्ककडे एकही नव्हती. १९१८ च्या विजेतेपदानंतर पुढच्यासाठी बोस्टनला ८६ वर्षं वाट पाहावी लागली.

या दुष्काळाला लोकांनी शाप म्हटलं. रूथचं लाडाचं नाव बँबिनो, म्हणून बँबिनोचा शाप. गोष्ट म्हणून ती रंगते, पण तिच्याआड एक खरं कारण झाकलं जातं, आणि ते सांगितल्याशिवाय आम्हाला पुढे जाववत नाही. एप्रिल १९४५ मध्ये जॅकी रॉबिन्सन हा कृष्णवर्णीय खेळाडू फेनवे पार्कवर चाचणीसाठी आला होता. रेड सॉक्सनं त्याला घेतलं नाही. दोन वर्षांनी ब्रुकलिन डॉजर्सकडून खेळून त्यानं अमेरिकन बेसबॉलचा चेहरामोहराच बदलून टाकला. रेड सॉक्सकडून पहिला कृष्णवर्णीय खेळाडू, पम्प्सी ग्रीन, मैदानात उतरला तो १९५९ मध्ये. सोळा संघांत सर्वांत शेवटी. यँकीजनीही १९५५ पर्यंत वेळ लावला होता, तेव्हा पाठ थोपटून घ्यावी असं त्यांच्याकडेही काही नाही. पण उत्तमोत्तम खेळाडूंना वर्षानुवर्षं दाराबाहेर ठेवणाऱ्या संघाला वेगळ्या शापाची गरज उरत नाही.

[दृश्य : १९४१. जो डिमॅजिओ आणि टेड विल्यम्स]

१९४१चा उन्हाळा. यँकीजचा जो डिमॅजिओ १५ मेपासून प्रत्येक सामन्यात किमान एक हिट, म्हणजे बेस गाठून देणारा फटका, मारत होता. सामना संपला की देशभर एकच विचारणा असायची, आज मारला का? जुना विक्रम ४४ सामन्यांचा, विली कीलरचा. तो २ जुलैला मोडला, यँकी स्टेडियमवर, रेड सॉक्सविरुद्ध, आणि तोही होम रननं. डाव्या बाजूला क्षेत्ररक्षणाला बोस्टनचा टेड विल्यम्स होता. चेंडू त्याच्याच बाजूला, कुंपणापार गेला.

डिमॅजिओची मालिका ५६ सामन्यांवर थांबली. त्याच वर्षी विल्यम्स दुसऱ्या विक्रमाच्या मागे होता. मोसमाच्या शेवटच्या दिवशी सकाळी त्याची बॅटिंग सरासरी, म्हणजे संधींमागे हिटचं प्रमाण, .३९९५५ होती. कागदावर ती .४०० धरली गेली असती, त्यामुळे तो बाकावर बसून राहिला असता तरी चाललं असतं. पण तो फिलाडेल्फियात त्या दिवशीचे दोन्ही सामने खेळला, आठ संधींत सहा हिट मारले आणि .४०६ वर थांबला. तेव्हापासून मेजर लीगच्या अमेरिकन आणि नॅशनल या दोन लीगांत कुठल्याही खेळाडूनं पूर्ण मोसमात .४०० गाठलेलं नाही. त्या वर्षीचा सर्वोत्तम खेळाडूचा किताब मात्र डिमॅजिओला मिळाला. आम्हाला विचाराल तर तो शेवटचा दिवस एकट्यानंच किताबाच्या तोलाचा होता.

जोचा धाकटा भाऊ डॉमिनिक बोस्टनकडून खेळायचा. १९४९ मध्ये त्याचीही मालिका ३४ सामन्यांपर्यंत गेली, आणि रेड सॉक्सचा तो विक्रम आजही कायम आहे. ती तुटली फेनवे पार्कवर, यँकीजविरुद्ध. शेवटच्या संधीला डॉमिनिकनं जोरकस फटका मारला, चेंडू सेंटर फील्डकडे गेला. झेल घेतला जोनं. सख्ख्या भावानं! त्याच वर्षी दोन सामने उरले असताना बोस्टन एका विजयानं पुढे होतं. ते दोन्ही सामने न्यूयॉर्कमध्ये झाले, दोन्ही यँकीजनी जिंकले आणि लीगही नेली.

[दृश्य : १ ऑक्टोबर १९६१, यँकी स्टेडियम. अर्ध्याहून अधिक खुर्च्या रिकाम्या]

रूथच्या ६० होम रनचा विक्रम मोडायला यँकीजचा रॉजर मॅरिस निघाला, तेव्हा त्याच्याच शहराला ते रुचत नव्हतं. बेसबॉलचे कमिशनर फोर्ड फ्रिक हे पूर्वी रूथच्या नावानं लेख लिहून देणारे पत्रकार. त्यांनी मोसमाच्या मध्यातच जाहीर करून टाकलं, की १५४ सामन्यांनंतर विक्रम झाला तर त्याची नोंद वेगळी होईल. त्या वर्षी सामने १६२ झाले होते. मॅरिसनं ६१वा होम रन मारला तो शेवटच्याच सामन्यात, चौथ्या इनिंगमध्ये. पिचर रेड सॉक्सचा ट्रेसी स्टॅलर्ड. त्या दिवशी प्रेक्षक होते २३,१५४.

स्टॅलर्डबद्दल थोडं सांगायलाच हवं. मॅरिसला मुद्दाम बाहेरचे चेंडू टाकून पहिल्या बेसवर पाठवणं त्याला सहज जमलं असतं, इतिहासात असं नाव लागणं टळलं असतं. त्यानं मारता येईल असा चेंडू टाकला. सामना १-० सुटला, त्यानं दिलेली धाव ती एकच. मॅरिसची वेगळी नोंद १९९१ मध्ये रद्द झाली. तोवर मॅरिस हयात नव्हता.

१९७८ मध्ये दोन्ही संघ ९९ विजयांवर बरोबरीत राहिले, म्हणून फेनवेवर एकच निर्णायक सामना झाला. मोसमभरात जेमतेम चार होम रन मारलेल्या यँकीजच्या बकी डेंटनं सातव्या इनिंगमध्ये तीन धावांचा होम रन मारला. पिचर होता बोस्टनचा माइक टॉरेझ, आदल्याच वर्षीचा यँकी. न्यूयॉर्क ५-४.

[दृश्य : फेनवे पार्क, १७ ऑक्टोबर २००४ ची रात्र]

अमेरिकन लीगची अंतिम लढत, सातपैकी चार सामने जिंकणारा पुढे. यँकीज ३-० नं पुढे, आदल्या रात्रीचा सामना १९-८. चौथा सामना, नववी इनिंग, यँकीजकडे एका धावेची आघाडी आणि चेंडू मारियानो रिवेराच्या हातात. शेवटी येऊन आघाडी राखणं हेच त्याचं काम. निवृत्त होईपर्यंत त्यानं अशा ६५२ आघाड्या राखल्या, हाही आजवरचा विक्रम.

बोस्टनच्या केविन मिलारला त्यानं चार बाहेरचे चेंडू टाकून पहिला बेस दिला. मिलारच्या जागी पळायला आला डेव्ह रॉबर्ट्स. तो दुसरा बेस चोरणार, म्हणजे फटक्याची वाट न पाहता पळून गाठणार, हे स्टेडियममधल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. रिवेरानं तीन वेळा पहिल्या बेसवर चेंडू फेकून त्याला मागे ढकललं. मग बॅटरला पहिला चेंडू टाकला आणि रॉबर्ट्स सुटला. कॅचर पोसाडाची फेक अचूक, डेरेक जीटरचा हात खाली आला, पण रॉबर्ट्सचा हात आधीच बेसवर होता. पुढे बिल म्यूलरचा हिट, बरोबरी. बाराव्या इनिंगमध्ये, मध्यरात्र उलटल्यावर, बोस्टनच्या डेव्हिड ऑर्टिझचा होम रन.

पाचवा सामना चौदा इनिंग चालला, तोही ऑर्टिझनंच संपवला. सहाव्यात बोस्टनच्या कर्ट शिलिंगनं घोट्याला टाके घालून चेंडू टाकले, मोज्यावर रक्त दिसत होतं. सातवा न्यूयॉर्कमध्ये, १०-३. आठवड्याभरात बोस्टननं सेंट लुइसला ४-० हरवून १९१८ नंतरची पहिली वर्ल्ड सिरीज जिंकली.

आज यँकीजकडे २७ वर्ल्ड सिरीज आहेत, रेड सॉक्सकडे ९. आणि सातच्या मालिकेत ०-३ वरून परत येऊन जिंकलेला मेजर लीगमधला संघ आजवर एकच आहे, बोस्टन. त्या नोंदीत हरलेल्या संघाच्या रकान्यात लिहिलंय न्यूयॉर्क यँकीज.