कँटनचं तिसरं जहाज

नमस्कार मंडळी. दिवाळीच्या सुट्टीत माझा भाचा आमच्याकडे आला होता. फराळाची ताटली मांडीवर, शेव कीबोर्डवर सांडलेली, आणि समोर पडद्यावर अख्खा चीन. खेळाचं नाव ‘व्हिक्टोरिया ३’. स्वीडनच्या पॅराडॉक्स कंपनीचा, २०२२ सालचा. तो सुरू होतो १८३६ मध्ये आणि शंभर वर्षं चालतो. भाचा चिंग घराण्याचा बादशहा होऊन बसलेला आणि माझ्याकडे तक्रार काय, तर “मामा, कागद पुरत नाही!”

आता बादशहाला कागद कशाला? तर या खेळात कर गोळा करायला कचेऱ्या बांधाव्या लागतात आणि कचेऱ्या कागद खातात. माणसं कोट्यवधी, कचेऱ्या मूठभर, त्यामुळे बराचसा कर वाटेतच मुरतो. स्वीडनमध्ये बसून हे कुणाला सुचलं याचं मला फार कौतुक वाटलं. सातबाऱ्यासाठी तलाठ्याकडे खेटे घातलेल्या माणसालाच सुचावं असं आहे ते.

पण माझी नजर गेली वर तिजोरीच्या आकड्याकडे. एकच आकडा, साऱ्या चीनचा. तिथे माझं घोडं अडलं. म्हटलं, बाळा, या घरात तिजोरी एक नव्हती. वाडा एक होता, चुली चार होत्या. मंडळी, हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. वाडा एक, चुली चार.

चुली वेगळ्या झाल्या कशा? थोडक्यात सांगतो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर तायपिंगचं प्रचंड बंड झालं. बादशहाच्या फौजेला ते आवरेना. मग प्रांतांनी आपापल्या फौजा उभ्या केल्या, आणि त्यांच्या खर्चासाठी १८५३ पासून एक नवा कर आला, लीजिन. म्हणजे आपली जकात हो! सुरुवातीला दर शेकडा एकच्या आसपास, पण नाके इतके की माल मुक्कामी पोचेपर्यंत व्यापाऱ्याचा जीव मेटाकुटीला. (आपल्या जकात नाक्यावरची ट्रकची रांग ज्यांनी पाहिली आहे त्यांना जास्त सांगायला नको. ती गेली, बरं झालं. आता टोलची असते.) तर बंड १८६४ मध्ये मोडलं, नाके मात्र राहिले, ते थेट १९३१ पर्यंत. पैसा प्रांताच्या हातात, म्हणून फौजही प्रांताच्या हातात.

आणि आधुनिकीकरण, म्हणजे तोफांचे कारखाने, गोद्या, आगबोटी, ते सगळं याच चुलींवर शिजलं. शांघायला १८६५ मध्ये शस्त्रांचा कारखाना, पुढच्याच वर्षी फूचौला गोदी. आरमारं किती? चार. उत्तरेचं बेईयांग, दक्षिणेचं नानयांग, फूचौचं एक आणि पार दक्षिणेच्या कँटन शहराचं एक.

आता जी गोष्ट सांगण्यासाठी मी आज इथे बसलोय ती सांगतो. भाच्याला तीनदा सांगून झाली आहे.

कँटनच्या आरमारात तीन मोठी जहाजं होती: ग्वांगजिया, ग्वांगयी आणि ग्वांगबिंग. ‘ग्वांग’ म्हणजे कँटनचा प्रांत ग्वांगदोंग, आणि जिया, यी, बिंग म्हणजे आपलं क, ख, ग. कँटन-क, कँटन-ख, कँटन-ग. १८९४ च्या उन्हाळ्यात ही तिन्ही जहाजं उत्तरेला गेली, आरमाराच्या पाहणीसाठी, म्हणजे संचलनाला. पाहुणी म्हणून! आणि तेवढ्यात जपानशी युद्ध पेटलं. पाहुणे अडकले.

‘ख’ जुलैतच गेलं, कोरियाच्या किनाऱ्यावर. ‘क’ सप्टेंबरात यालू नदीच्या मुखापाशी झालेल्या लढाईतून पळालं आणि खडकावर चढलं. उरलं ‘ग’, ग्वांगबिंग. ते उत्तरेच्या आरमाराबरोबर उत्तर चीनमधल्या वेईहाईवेईच्या बंदरात कोंडलं गेलं. थंडीचे दिवस. मागच्या डोंगरावरचे किल्ले जपान्यांनी घेतलेले, समोर समुद्रात त्यांचं आरमार. चीनची जर्मनीत बांधलेली सात हजार टनांची दोन प्रचंड जहाजं याच बंदरात होती. त्यातल्या एकाला टॉर्पेडो लागला. नानयांगचं आरमार मदतीला आलं का? नाही आलं. आणि कुणी कुणाला बोलावं? दहा वर्षांपूर्वी फ्रेंचांनी फूचौचं आरमार गोदीसमोरच बुडवलं, तेव्हा उत्तरेचं आरमार तरी कुठे गेलं होतं? चुली चार, मंडळी.

(आरमाराचा पैसा राजमातेच्या साठीसाठी उन्हाळी राजवाड्यावर उधळला, हे सगळे सांगतात. तिथल्या तळ्यात एक संगमरवरी नावही आहे. नालेसफाईच्या पैशातून चौकात कारंजं उडताना मी पाहिलंय, त्यामुळे मला त्याचं नवल वाटत नाही.)

फेब्रुवारी १८९५. उत्तरेच्या आरमाराचे सरसेनापती दिंग रूचांगनी अफू खाऊन जीव दिला. शरणागतीचं पत्र घेऊन पांढऱ्या निशाणाच्या बोटीतून जपान्यांकडे कोण गेलं? ग्वांगबिंगचाच कप्तान, चेंग बीगुआंग. अटी ठरल्या, सगळी जहाजं जपानला द्यायची. आणि आता ऐका. चीनच्या बाजूने बोलणी करणाऱ्या न्यू चांगबिंग या अधिकाऱ्याने जपानी सेनापती इतो सुकेयुकी यांना एक विनंती केली. तिचा अर्थ असा: ग्वांगबिंग हे कँटनचं जहाज आहे. या युद्धाशी कँटनचा काही संबंध नाही. तिथल्या तीन जहाजांपैकी दोन गेली. हे तरी परत द्या, तोफा हव्या तर काढून घ्या, म्हणजे कँटनच्या सुभेदाराला तोंड दाखवता येईल.

पुन्हा सांगतो. देशाचं आरमार शरण आलंय, आणि सरकारी अधिकारी शत्रूला सांगतोय की हे जहाज आमच्या भांडणातलं नव्हे, शेजारच्या चुलीवरचं आहे! इतोंनी ते दिलं नाही. दिंगांची शवपेटी घरी न्यायला त्यांनी कांगजी नावाचं एक साधं जहाज सोडलं, अदबीनं सोडलं, पण ग्वांगबिंग ठेवून घेतलं.

लोक या विनंतीला हसतात. मी पूर्वी हसायचो. आता वाटतं, तो अधिकारी खोटं काय बोलत होता? जहाज कँटनच्याच हिशेबातलं होतं.

आणि तो कप्तान चेंग? पुढे तो प्रजासत्ताकाचा आरमारमंत्री झाला. १९१७ मध्ये पेकिंगच्या सरकारशी बिनसलं तेव्हा काही युद्धनौका घेऊन तो गेला कुठे? कँटनला, क्रांतिकारकांचे पुढारी सुन यत्सेन यांच्याकडे. पुढच्याच वर्षी तिथे त्याचा खून झाला.

तर खेळांकडे येऊ, वेळ थोडा उरलाय. याच मालिकेतला आधीचा खेळ ‘व्हिक्टोरिया २’. त्यात चीन सुरुवातीला चक्क ‘असंस्कृत’ गटात. सुधारणा विकत घ्यायच्या, काटा शंभर टक्क्यांवर गेला की तुम्ही सुसंस्कृत. हा शब्द मला तेव्हाही डाचला होता. आणि शंभर टक्के कुणाचे? ग्वांगबिंग चीनच्याच गोदीत बांधलेलं जहाज. यंत्र आलं होतं, शिकलेला कप्तान होता. पुढे त्याच खेळात भर पडली आणि चीनचे युन्नान, ग्वांगशी असे तुकडे आले, एका छत्राखाली पण वेगळे. ते मला पटलं. ‘हार्ट्स ऑफ आयर्न ४’ तर १९३६ मध्येच सुरू होतो. त्यात शान्शी, युन्नान, ग्वांगशी सगळे सुभेदार नकाशावर वेगवेगळ्या रंगांत, आणि जपान चालून आला की एका आघाडीत. आघाडीच्या आतही पुढारी कोण यावरून ओढाताण. चुली दिसतात तिथे.

पण भाच्याच्या खेळात १८९४ च्या चीनला नकाशावर एकच रंग असतो. भाच्याने बटण दाबलं की कँटनची बोट निमूट उत्तरेला जाते आणि तिथेच बुडते. हिशेब कुणी मागत नाही.

खरं ग्वांगबिंग जपानी आरमारात गेलं. नाव त्यांनी बदललं नाही. अक्षरं तीच ठेवली, फक्त जपानी पद्धतीने वाचली: कोहेई. त्याच वर्षी डिसेंबरात तैवानजवळच्या पेस्काडोर बेटांपाशी ते बुडालं. नावातला कँटन तसाच होता.