वॉर्डातला प्रश्न कागदावर यावा म्हणून

सलाईनच्या सुईभोवतीची लाली आणि सूज कशी तपासावी, हे विद्यार्थिनीला दाखवत असतानाच नर्सिंगच्या अध्यापिकेच्या मनात प्रश्न येतो: काही रुग्णांची शीर दुसऱ्याच दिवशी का सुजते, आणि कोणत्या वेळच्या नोंदीमुळे ते लवकर लक्षात येईल? कोल्हापुरातील सीपीआर (छत्रपती प्रमिलाराजे) या सरकारी रुग्णालयासारख्या गजबजलेल्या ठिकाणी असे प्रश्न रोज समोर येतात. मात्र वॉर्डातून परतल्यावर तास, विद्यार्थिनींनी केलेल्या प्रक्रियांची नोंद असलेल्या प्रोसिजर बुकांवरील सह्या, अंतर्गत गुणांच्या याद्या आणि तपासणीच्या फायली यांत दिवस संपतो व प्रश्न मनातच राहतो.

या अध्यापिकांना संशोधन जमत नाही, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. एम.एस्सी. नर्सिंग करताना प्रत्येकीने नमुना, म्हणजे अभ्यासात कोणाला घ्यायचे तो गट, निवडलेला असतो, प्रश्नावली तज्ज्ञांकडून तपासून घेतलेली असते, एथिक्स कमिटीची मान्यता मिळवलेली असते. तरीही रेक्झिनच्या बांधणीतले कित्येक प्रबंध ग्रंथालयाच्या कपाटातच राहतात. त्यांचे लेख होत नाहीत.

अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ अर्नेस्ट बॉयर यांनी १९९० मध्ये नव्या ज्ञानाचा शोध, ज्ञानशाखांची सांगड, उपयोजन आणि अध्यापन या चारही गोष्टींना विद्वत्तेचे स्थान दिले. नर्सिंगला ही मांडणी फार जवळची आहे. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांसारख्या आपत्तीत निवारा केंद्रातील मधुमेही रुग्णांचे इन्सुलिन थंड कसे ठेवावे, याची पद्धतशीर नोंद करून ती तपासणे हेही विद्वत्तेचेच काम आहे. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी क्रिमियन युद्धातील मृत्यूंची कारणे १८५८ मध्ये आकृत्यांतून मांडली होती. शुश्रूषेचे आणि आकडेवारीचे नाते इतके जुने आहे.

म्हणूनच आठवड्यातील एक दुपार लेखनासाठी वेळापत्रकातच राखून ठेवावी आणि एखादी अध्यापिका रजेवर असली, तरी तिचा तास त्या दुपारी दुसरीच्या माथी मारू नये. संख्याशास्त्रज्ञाचा सल्ला माहिती गोळा करण्यापूर्वी मिळावा, कारण नमुनाच अपुरा असेल तर नंतरचे कोणतेही गणित तो सावरू शकत नाही. पैसे भरताच लेख छापणाऱ्या नियतकालिकांपासून नवख्या ट्यूटरला सावध करणे हे ज्येष्ठांचे काम आहे. लेखावर कोणाचे नाव आधी येईल, हेही पहिल्याच बैठकीत लेखी ठरावे. प्रश्न जिचा, वॉर्डात उभे राहून नोंदी जिने घेतल्या आणि मसुदाही जिने लिहिला, तिचे नाव केवळ पद कनिष्ठ म्हणून मागे जाता कामा नये.