सांगलीहून परदेशी निघताना

श्रोतेहो, नमस्कार. मे महिन्यात दुबई, सिंगापूर, युरोपला निघणारी मंडळी आपल्याकडे आता कमी नाहीत. मुलांकडे निघालेले आईवडील वेगळेच. कुठं काय बघायचं यावर महिनाभर चर्चा होते, विमान मात्र नुसतं भाडं बघून घेतलं जातं. विमानतळ आपल्यापासून पावणेचारशे किलोमीटरवर असताना भाड्याआधी वेळ बघितलेली बरी.

मुंबईहून परदेशी जाणारी बरीच विमानं मध्यरात्र ते पहाट या वेळात सुटतात. तिकिटावर ‘१५ मे, ०२:१०’ असं असेल, तर घर १४ तारखेलाच सोडायचं. १५ च्या रात्री पोचलात तर विमान आदल्या रात्रीच गेलेलं असतं. तुमची नोंद ‘नो-शो’, म्हणजे प्रवासी आलाच नाही, अशी होते आणि बहुतेक वेळा त्याच तिकिटावरचा परतीचा प्रवासही रद्द होतो. तेव्हा कॅलेंडरवर खूण १४ च्याच चौकटीत करा.

आता उलटा हिशेब मांडू. चेक-इन काउंटर सहसा सुटण्याच्या एक तास आधी बंद होतो, म्हणजे एक वाजून दहाला. सामान, इमिग्रेशन, तपासणी धरून तीन तास आधी, अकराला पोचायचं. पेठ नाका, कऱ्हाड, पुणे करत गाडीला आठ तास, जेवण-चहाला एक, आणि खंबाटकी नाहीतर खंडाळ्याच्या घाटात ट्रक बंद पडला तर म्हणून दोन. अकरा तास झाले. म्हणजे सांगलीतून दुपारी बारालाच निघायचं. सातारकरांचे यातले अडीच-तीन तास वाचतात, घाट मात्र दोन्ही त्यांनाही आहेतच.

गाडीत अवघडायचं नसेल तर मिरजेहून महालक्ष्मी एक्सप्रेस. पण ती १३ च्या रात्रीची. सकाळी मुंबईत उतरा, दिवसभर आराम करा. त्याच सकाळी दहाचं विमान मात्र या गाडीच्या भरवशावर धरू नका. गाडीला दोन तास उशीर झाला की सगळंच बिघडतं. सीएसएमटीहून सहारच्या टर्मिनल दोनपर्यंत भुयारी मेट्रो आहे, पण दोन मोठ्या बॅगा असतील तर टॅक्सीच सोयीची. नवी मुंबईचं विमानतळही आता सुरू झालंय, तेव्हा तिकिटावर बीओएम म्हणजे मुंबई आहे की एनएमआय म्हणजे नवी मुंबई, ते वाचा.

वाटेत विमान बदलायचं असेल तर दोन्ही टप्पे एकाच पीएनआरवर घ्या. पहिलं विमान उशिरा पोचलं तर पुढच्या विमानात बसवण्याची जबाबदारी कंपनीची राहते. दोन वेगळी तिकिटं दोन हजारांनी स्वस्त पडतात खरी, पण तिथं सामान बहुधा स्वतः उचलून पुन्हा द्यावं लागतं. त्यासाठी इमिग्रेशन ओलांडायचं म्हणजे त्या देशाचा व्हिसा हवा, आणि तो नसेल तर मुंबईच्या काउंटरवरच अडवतात. अमेरिकेत तर नुसतं विमान बदलायलाही व्हिसा लागतो. मोठ्या विमानतळावर मधे अडीच-तीन तास ठेवा. तिकिटावरच्या वेळा त्या-त्या गावच्या असतात. दुबईचं घड्याळ आपल्या दीड तास मागे, सिंगापूरचं अडीच तास पुढे.

वयस्कर माणसांसाठी व्हीलचेअर ४८ तास आधी कंपनीला कळवून मागून घ्या. ही सेवा साधारणपणे फुकट असते, आणि लांबच लांब चालण्यात त्यांचा जीव जात नाही. संकोच करू नका.

आता बॅगेत काय भरायचं. पॉवर बँक हातातल्या बॅगेतच. मर्यादा १०० वॉट-अवर, म्हणजे साधारण २७,००० एमएएच. सुकं खोबरं तेलकट असतं, आपोआप तापून पेट घेऊ शकतं, म्हणून विमानात चालत नाही. लोणचं घट्ट बांधून मोठ्या बॅगेत. घरचा कांदा-लसूण मसाला दुबईला न्यायचा असेल तर त्यात खसखस आहे का ते आधी विचारा. तिथं खसखशीवर बंदी आहे, आणि ‘मसाल्यात चमचाभरच आहे’ हे कस्टमवाला ऐकून घेत नाही. साताऱ्याचे कंदी पेढे दुधाचे, त्यामुळे युरोपीय संघाच्या देशांत नेता येत नाहीत. तिथल्या लेकीसाठी आपले बेदाणे न्या.

काउंटरवर बॅगेला टॅग लावला की त्यावरचं तीन अक्षरी गाव शेवटच्या मुक्कामाचंच आहे ना, ते तिथल्या तिथं बघा. बॅग आलीच नाही तर विमानतळ सोडण्याआधी कंपनीच्या काउंटरवर पीआयआर नावाचा अर्ज भरा आणि प्रत घ्या. बॅग फुटली असेल तर मिळाल्यापासून ७ दिवसांत, उशिरा मिळाली तर २१ दिवसांत लेखी दावा करावा लागतो. बोर्डिंग पासला चिकटवलेला टॅगचा तुकडा तोवर जपून ठेवा.