नाव नसलेली ब्लॅकबेरी

श्रोतेहो, नमस्कार.

ब्रिटनमध्ये शेताच्या कडेला, रेल्वेरुळांच्या बाजूला, पडक्या भिंतींवर ब्लॅकबेरीच्या काटेरी जाळ्या माजलेल्या असतात. एरवी लोक वैतागून त्या छाटतात आणि ऑगस्ट-सप्टेंबरात त्याच जाळ्यांत हात घालून, ओरखडे काढून घेत फळं तोडतात. अशा झुडपाला दुर्मीळ म्हटलं तर कुणीही हसेल.

पण ती सगळी जाळी एका जातीची नसते. ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये ३००हून अधिक जाती ओळखल्या गेल्यात. त्यांतल्या काही एखाद्या परगण्याबाहेर सापडतच नाहीत. ब्लॅकबेरीच्या जातींचा हा अभ्यास म्हणजे बॅटॉलॉजी. क्रिकेटच्या बॅटशी त्याचा काही संबंध नाही हं! ग्रीक भाषेत ‘बातोस’ म्हणजे काटेरी झुडूप.

एवढ्या जाती आल्या कुठून? बहुतेक ब्लॅकबेरींत बी फलनाशिवायच धरतं. परागकण लागतो, पण तो बियांतला अन्नसाठा तयार होण्यापुरता. रोप उगवतं ते हुबेहूब आईसारखं. क्वचित कधी दोन जातींचा संकर होतो, आणि मग ते नवं रूप पिढ्यान्‌पिढ्या तसंच उमटत राहतं. पक्षी बिया नेतात. शिवाय फांदी कमानीसारखी वाकून शेंडा मातीला टेकला, की तिथेच मुळं फुटतात.

ओळखायचं मात्र कठीण. नमुना घेताना पहिल्या वर्षाच्या फांदीचा पानासकट मधला तुकडा हवा आणि दुसऱ्या वर्षाच्या फांदीवरचा फुलोराही हवा. मग पाहायचं: फांदी गोल की कंगोरेदार, काटे सरळ की वाकडे, पानाची मागची बाजू हिरवी की पांढरट लवेची. पाकळ्यांचा रंग जागेवरच टिपून ठेवायचा, कारण वाळल्यावर तो उडतो.

आता खरी गंमत. युरोपातल्या अभ्यासकांमध्ये संकेत असा, की साधारण ५० किलोमीटर व्यासाच्या प्रदेशात पसरलेली असेल तरच ब्लॅकबेरीला जातीचं नाव द्यायचं. नाहीतर प्रत्येक कुंपणाचं बारसं करत बसावं लागेल! मला हे पटतं, आणि खटकतंही. कारण सगळ्यात दुर्मीळ जाळी नेमकी बिननावाची राहते. वाळवलेल्या नमुन्याच्या कागदावर नुसतं ‘रुबस’, म्हणजे ब्लॅकबेरीच्या अख्ख्या कुळाचं शास्त्रीय नाव, एवढंच.

ब्रिटनमधली जुनी समजूत मात्र असले भेद मानत नाही. २९ सप्टेंबरच्या मायकलमस या ख्रिस्ती सणानंतर ब्लॅकबेरी खायची नाही, कोणतीही. सैतान तिच्यावर थुंकून गेलेला असतो.