परजीवी, पेशी आणि लस

श्रोतेहो, नमस्कार. गोवर एकदा येऊन गेला की सहसा पुन्हा येत नाही. हिवताप मात्र त्याच माणसाला वर्षानुवर्षे गाठत राहतो. परजीवींवर लस करणे इतके जड का गेले, याचे उत्तर या फरकात आहे.

डास चावताना त्याच्या लाळेतून स्पोरोझॉइट, म्हणजे हिवतापाच्या परजीवीची सुतासारखी बारीक रूपे, त्वचेत उतरतात आणि थोड्याच वेळात यकृत गाठतात. यकृताची पेशी आपल्या आतल्या प्रथिनांचे तुकडे पृष्ठभागावर मांडून ठेवते. मारक टी पेशी, म्हणजे शरीराच्या संरक्षणातली एक पांढरी पेशी, ते चाचपून पाहते आणि परका तुकडा आढळला की ती यकृतपेशीच संपवते. पण या तपासणीला जेमतेम आठवडा मिळतो. नंतर एकेका पेशीतून हजारो परजीवी बाहेर पडून तांबड्या पेशींत शिरतात, आणि माणसाच्या पक्व तांबड्या पेशीत केंद्रकही नसते व तुकडे मांडण्याची ती यंत्रणाही उरलेली नसते. मग बराचसा भार प्रतिपिंडांवर, म्हणजे परक्या गोष्टींना चिकटणाऱ्या रक्तातील प्रथिनांवर, येतो. तिथे फाल्सिपॅरम जातीचा परजीवी आपल्या साठेक जनुकांतून एका वेळी बहुधा एकच पृष्ठप्रथिन वापरतो आणि ते ओळखले गेले की दुसरे काढतो. तरीही प्रतिपिंडे निष्प्रभ नाहीत: गँबियातील प्रौढांच्या रक्तातून वेगळी केलेली प्रतिपिंडे आजारी मुलांना दिल्यावर त्यांच्या रक्तातील परजीवी झपाट्याने घटल्याचे 1961 मध्येच दिसले होते.

जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये शिफारस केलेली आरटीएस,एस आणि 2023 मधील आर21 या दोन्ही लसी स्पोरोझॉइटच्या आवरणातील प्रथिनावर बेतलेल्या आहेत. पहिलीच्या मोठ्या चाचणीत 5 ते 17 महिन्यांच्या बालकांना चार मात्रा दिल्यावर सुमारे चार वर्षांत हिवतापाचे प्रसंग 36 टक्क्यांच्या आसपास घटले. आकडा लहान वाटेल. पण एखादा स्पोरोझॉइट निसटला तरी आजार उभा राहू शकतो, हे ध्यानात घेता मला तो लहान वाटत नाही.

जंतांची गोष्ट निराळी. त्यांना गिळणे कोणत्याच पेशीला शक्य नसते, म्हणून इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या रक्तपेशी त्यांच्या अंगाला चिकटून आपल्या कणांतील विषारी प्रथिने त्यांच्यावर ओततात. या प्रतिसादात आयजीई नावाच्या प्रकारची प्रतिपिंडेही असतात, आणि ॲलर्जीही त्यांच्यामुळेच उठते. ब्राझीलमध्ये अंकुशकृमींवरील एका लसीची चाचणी याच कारणाने थांबवावी लागली: ज्यांना पूर्वी हा जंत झाला होता, त्यांच्या अंगावर टोचल्यावर लगेच गांधी उठल्या. म्हणून पुढच्या लसींसाठी संशोधकांनी जंताच्या आतड्यात दडलेली पाचक प्रथिने निवडली, कारण संसर्ग झालेल्यांच्या शरीरात त्यांच्याविरुद्ध आयजीई सहसा तयार झालेले नसते.